मामांना ऐकू येईल असा बार

बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या घरात विळी आणि अडकित्ता यापलीकडं हत्यार म्हणून काही नव्हतं. पण त्या दुष्काळाच्या साली मी भेटेल त्याला बंदुकीच्या नळीचं माप विचारत हिंडत होते. ऑफिसातल्या एकीनं तर डबा खाता खाता विचारलं, "कुणाला उडवायचंय का गं?" मला कुणाला उडवायचं नव्हतं. मला माझ्या मामांना वाचवायचं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

आमचं एक हौशी मंडळ होतं. दरवर्षी मराठवाडा मुक्तिदिनाच्या आसपास पडेगावच्या मोकळ्या मैदानात आम्ही एकच प्रसंग उभा करायचो. निजामाच्या राज्यातला करोडगिरीचा नाका, म्हणजे सरहद्दीवरची जकातीची चौकी. गावातली माणसं मशाली घेऊन येतात, चौकी पेटवतात, पहारेकरी गोळी झाडतो, एक जण पडतो, बाकीचे त्याला उचलून घोषणा देत जातात. संपलं. बांबूच्या तट्ट्यांची चौकी, गुलमंडीतून आणलेल्या मांजरपाटाचे सदरे, मुंडाशी, मशाली, हे सगळं सामान बघायचं काम माझं. आणि तो जो एक जण पडायचा, ते माझे मामा.

मामा देवगाव रंगारीचे. उभं आयुष्य त्यांनी विहिरींना सुरुंग लावण्यात घातलं. पाणी आटलं की लोक विहीर खोल करायचे, त्यामुळं दुष्काळ पडला की मामांना दिवसाआड बोलावणं. वाती पेटवायच्या, दोर धरून सरसर वर यायचं आणि कडेला बसून बार मोजायचे. जेवढ्या वाती तेवढे बार झाले पाहिजेत. एक जरी कमी आला तरी विहिरीत उतरायचं नाही, कारण खाली एक सुरुंग जिवंत आहे. म्हणजे बघा, ज्या कानांवर जीव अवलंबून, तेच कान त्या कामानं खाल्ले. पुढं बोअरवेलच्या गाड्या आल्या, विहिरी कुणी विचारीना, आणि मामा शहरात आले. मी त्यांना आमच्या मंडळात घेतलं. पडेगावला एक नवी उंच इमारत झाली होती, तिथं वॉचमन म्हणून लागले. राहायला गेटजवळची खोली. गावाकडं परतायला घर नव्हतं, मामी आधीच गेलेली, मूलबाळ नाही. ती खोली गेली तर मामा कुठं जाणार? माझं स्वतःचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं, त्यात सासू-सासरे.

ऐकू येत नाही हे मामांनी कधी कबूल केलं नाही. "आजकालची लोकं तोंडातल्या तोंडात बोलतात," असं म्हणायचे. मला कळलं ते माझ्याच स्वयंपाकघरात. कुकरच्या शिट्ट्यांनी माझं डोकं उठलं होतं आणि शेजारी बसलेले मामा शांतपणे म्हणले, "भात लावला नाय का अजून?"  मग कामावर ते कसं निभावतात ते मी मुद्दाम जाऊन पाहिलं. मामा खुर्ची लोखंडी गेटाला टेकवून बसायचे, पाठ गेटाला. पाण्याचा टँकर रस्त्याला लागला की गेट थरथरायचं आणि मामा उठायचे. एकदाही चुकले नाहीत. पण मला ते बघून रडू आलं, कारण हे असं किती दिवस चालणार.

त्या इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजेच आमच्या मंडळाचे सर. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हता, उगाच का खोटं बोलू. पण आधीचा वॉचमन झोपून राहिला आणि टँकर हॉर्न वाजवून पुढच्या इमारतीला गेला, तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांनी हापशावरून कळशा वाहिल्या होत्या. त्या वॉचमनला सरांनी त्याच दिवशी काढलं. मामांना ती नोकरी सरांनीच दिली, कशामुळं, तर मामा पडायचे छान म्हणून. "असा पडणारा माणूस मिळत नाही," सर म्हणायचे. आणि खरंच होतं ते. मामा पडायचे ते गुडघ्यातून खचत, मशाल हातातून सुटायची, मग अंग जायचं. बघणाऱ्या बायका तोंडाला पदर लावायच्या.

पडण्यात मामा कधी चुकत नव्हते, त्याचं कारण बारा बोअरची बंदूक. एका बँकेचे गार्ड त्यांची परवान्याची बंदूक घेऊन यायचे. छर्रे नसलेलं काडतूस, नुसती दारू आणि वर पुठ्ठ्याचा डट्टा, पण आवाज असा की छातीत धक्का बसावा. मामांना तो बार कानानं ऐकू यायचा नाही, छातीनं यायचा. पाठमोरे असले तरी बरोबर त्या क्षणाला खचायचे. म्हणून इतकी वर्षं कुणाला काही कळलं नाही.

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. पोळा झाला तो बैलांना नुसता हात लावून, धुवायला पाणी कुठलं. मैदानाच्या एका अंगाला चारा छावणी पडली. लांबलांबची गुरं, हाडं मोजून घ्यावीत अशी, दावणीला बांधलेली, आणि त्यांची माणसं तिथंच पालं ठोकून. दुसऱ्या अंगाला मामांची इमारत, आणि तिच्याशेजारी वर्षभरात आणखी दोन उठलेल्या. पहिल्याच तालमीला गार्डनं बार काढला आणि छावणीत हलकल्लोळ. दावी तुटली. एक कालवड दौलताबाद रस्त्यावर पळत सुटली ती एका टेम्पोसमोरून कशीबशी वाचली. तिचा धनी, पांढऱ्या मिशांचा बाप्या, तिच्या गळ्यात पडून रडला आणि आमच्याकडं बघून हात जोडले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. इमारतीतूनही कुणीतरी पोलिसांना फोन केला होता. सरांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, "बारा बोअर बंद."

 मामा मशाल खांद्यावर टाकून उभे होते, सगळ्यांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत, काय चाललंय याचा अंदाज घेत.

बैठक झाली. एकानं सुचवलं, "स्पीकरवर आवाज लावू, हाय काय अन् नाय काय." मी ताडकन उठले. म्हणलं, मग चौकी पण पडद्यावर दाखवा आणि मशालीला बॅटरी बसवा, कशाला एवढा कुटाणा करता.  माझ्या जिभेला हाड नाही हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं, पण त्या दिवशी मी भीतीनं बोलत होते हे कुणाला कळलं नाही. सर खूष झाले. बाईला इतिहासाची चाड आहे म्हणले. चाड कसली डोंबलाची.

मग कुणीतरी ठासणीच्या बंदुकीचं नाव काढलं. ती मला पटली. तिचा आवाज कडाडणारा नाही, घुमणारा, आणि धूर तर असा की आंधळ्यालाही वासानं कळावं. पण तिच्यात दारूवर चिंध्या ठासतात, आणि बार झाला की त्या चिंध्या जळत बाहेर पडतात. मैदानातलं गवत पापडासारखं वाळलेलं, आणि पलीकडं छावणीत कडब्याची गंज. एक ठिणगी गेली तर त्या मुक्या जनावरांचं काय होईल, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. मीच म्हणलं, नको.

शेवटी मी एकटी जुन्या शहरातल्या बंदुकीच्या दुकानात गेले. अडला हरी, दुसरं काय. दुकानदार दाढीवाले चाचा, चष्म्यावरून बघणारे. मी सगळं सांगितलं, मामांचं सोडून. ते म्हणले, "बाजी, पहले ये बोलो, आवाज होना कि धुवाँ होना?" मी म्हणलं, आवाज. पण गुरं बिथरायला नकोत. बारा बोअरमध्येच दारू कमी घातलेलं काडतूस मिळेल का? तर म्हणले, दारू कमी केली की बार फुसका होतो, कधी कधी होतच नाही. सोळाचा बोअर जरा लहान, पण त्याची बिनछर्‍याची काडतुसं इकडं कुणी ठेवत नाही. राहिली चारशे दहाची. बारीक नळी, पाखरांवर चालवायची बंदूक, आवाज चापट मारल्यासारखा. आणि एक बजावलं: छर्रे नसले म्हणून माणसाकडं नळी करायची नाही. जवळून नुसता डट्टासुद्धा डोळा फोडतो.

मी विचारलं, "चाचा, असं काहीच नाही का, की गुरांना ऐकू येणार नाही पण समोरच्या एका माणसाला येईल?"

चाचा हसले. "ऐसी बंदूक मिली तो मेरे को भी बताओ."

मी हसायला गेले आणि डोळे भरून आले. चाचांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. त्या दिवसांत कुणी न मागता पाणी पुढं करत नव्हतं.

चारशे दहाची बंदूक सरांनीच शोधली. कन्नडकडचे एक बागायतदार काका, त्यांच्याकडं रानडुकरांपासून पीक राखायला म्हणून घेतलेली. त्या साली राखायला पीकच नव्हतं, बंदूक भिंतीला लटकून होती. परवाना त्यांच्या नावाचा, म्हणून चाप ओढायला तेच येणार. पोलीस ठाण्यात हेलपाटे घालून परवानगी मी आणली. ज्या बंदुकीनं माझ्या मामांचं वाटोळं होणार, तिचीच.

काकांनी मैदानात एक बार काढून दाखवला. टप्प. गुरांनी माना वर केल्या आणि परत चिपाडं चघळायला लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा बंदुकीकडं बघत उभे होते, बार व्हायची वाट बघत. मी पुढं झाले, त्यांचा दंड धरला आणि ओढतच चौकीमागं नेलं. त्या रात्री मला अन्न गेलं नाही. सासूबाईंनी विचारलं तर त्यांच्यावरच डाफरले.

पण देव कुठंतरी फट ठेवतो म्हणतात. दुसऱ्या तालमीला सर काकांवर चिडले. छर्रे नसले की बंदूक मागं धक्का देत नाही, त्यामुळं काका झाडाला पाणी घालत असल्यासारखे निवांत दिसत होते. "खांद्याला झटका द्या की हो," सर म्हणले. काडतुसं मोजकीच मिळाली होती, म्हणून तालमीला काका रिकाम्या बंदुकीचा चाप ओढायचे, खांदा मागं झटकायचे आणि कुणीतरी तोंडानं "ठो" म्हणायचं. तो खांदा मी बघितला मात्र, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आवाज राहू दे बाजूला. खांदा दिसतो.

अडचण एकच. मामा पाठमोरे पडायचे. मग मी सरांकडं गेले आणि म्हणलं, "सर, आपला माणूस पाठीवर गोळी खातो, लोक म्हणतील पळत होता." सर विचारात पडले, मग त्यांचे डोळे चमकले. ठरलं. मामांनी चौकी पेटवायची, वळायचं, पहारेकऱ्यासमोर छाती काढून उभं राहायचं आणि मग पडायचं. काकांनी नळी बाजूला, मोकळ्या माळाकडं धरायची.

आता मामांना सांगायचं होतं. त्यांच्या खोलीत चहा घेऊन बसले. मोठ्यानं आणि सावकाश म्हणलं, "मामा, काकांच्या खांद्यावर नजर ठेवायची. खांदा हलला की पडायचं."

"कशापायी? मला काय ऐकू येत नाय व्हय?"

"येतं हो. पण गुरं हंबरत्यात, त्यात बार कळायचा नाही कुणालाच."

मामा माझ्याकडं बघत राहिले.  मग बशीतला चहा संपवला आणि म्हणले, "व्हय, गुरांचा लई कालवा असतोय." बास. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. त्यांनी माझी लबाडी ओळखली होती आणि मी त्यांची, आणि दोघांनाही ती हवीच होती.

त्यानंतरच्या सगळ्या तालमी बिनचूक झाल्या. चाप ओढला, खांदा झटकला, मामा खचले. माझा जीव भांड्यात पडला. मी घरी जाऊन सासूबाईंना शिरा करून घातला.

प्रयोग रविवारी, दिवस कलताना. आभाळ कोरडं ठणठणीत. तिन्ही इमारतींतली माणसं प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन आलेली, छावणीतली माणसं पुढं मातीतच बसलेली. मी आणि सर तट्ट्यांच्या आडोशाला उभे. मशाली आल्या, चौकी पेटली. मामा वळले. छाती काढून उभे राहिले, तोंडावर उजेड. सत्तरीला टेकलेला माणूस, पण काय दिसत होते. काकांनी बंदूक खांद्याला लावली, नळी माळाकडं केली, चाप ओढला.

टिक.

काडतूस उडालंच नाही. पण काकांच्या खांद्याला सवय लागलेली, तो झटकला. आणि मामा पडले. गुडघ्यातून, सावकाश, मशाल सुटली, मान कलली. आवाज कसलाच नाही. एवढ्या मोठ्या मैदानात नुसता तट्ट्या जळायचा तडतडाट.

आधी एक जण हसला. मग खुर्च्यांमधून हसू पसरत गेलं. "गोळीच्या आधीच गेलं की म्हातारं," कुणीतरी ओरडलं. काका बिचारे गोंधळले. नळी खाली करून थांबले, काडतूस बदललं, आणि बार झालाच पाहिजे असं वाटून पुन्हा बंदूक लावली. टप्प. मेलेल्या माणसावर गोळी. आता तर लोक खुर्चीवरून पडायचे राहिले.

मामा पडून होते. चेहरा शांत.

सर माझ्या शेजारून दबक्या आवाजात म्हणले, "उठा, परत घेऊ." मग जोरात म्हणले. मग तोंडाशी हात धरून ओरडले. पुढच्या रांगेतले लोकही ओरडायला लागले, "आजोबा, उठा, परत मरा." मामांची पापणी हलली नाही. सर ओरडायचे थांबले. त्यांचा हात तोंडापासून खाली आला. त्यांनी मामांकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या तोंडावर सगळं असणार.

"कधीपासून?" सरांनी विचारलं.

"टँकर एकदासुद्धा चुकला नाही, सर."

"आणि लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर? आतून बेल वाजवत बसेल ना ते माणूस."

 इतक्या दिवसांत मी बंदुकीचा विचार केला, खांद्याचा केला, छातीचा केला. लिफ्टचा केला नव्हता.

चौघांनी मामांना उचललं, घोषणा देत आडोशाला आणलं आणि खाली ठेवलं. मामांनी डोळे उघडले. अंग झाडत उठले. चेहरा असा फुललेला की बघवेना. लोक अजून हसत होते, टाळ्याही वाजवत होते, आणि मामांना लांबून फक्त टाळ्यांचे हात दिसत होते. ते सरांपुढं आले आणि म्हणले, "यंदा बार लई दणकून झाला, सर. बारा बोअरपरीस झ्याक."

सरांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, ते मी बघितलं. नेहमीच्या आवाजात, अगदी मायेनं म्हणले, "महिनाअखेरीपासून मी दुसरा माणूस बघतो. वाईट वाटून घेऊ नका. खोलीचं काय ते सावकाश बघू."

मामा त्यांच्या ओठांकडं बघत मान डोलवत होते. "व्हय, व्हय," म्हणले, आणि वाकून सरांच्या पायाला हात लावला. "तुमचीच कृपा." सर वळून निघून गेले.

मग मामा माझ्याकडं वळले. "काय म्हणले गं सर?"

आजूबाजूला खुर्च्या गोळा करणारी माणसं होती, सगळी त्याच इमारतींतली. काका बंदूक कापडात गुंडाळत होते. छावणीतल्या बायका लेकरांना हाका मारत होत्या. मामांना ऐकू जायचं तर मला ओरडावं लागलं असतं, आणि ओरडले असते तर त्यांच्या आधी त्या सगळ्यांना कळलं असतं. मी त्यांच्या सदऱ्यावरची माती झटकत राहिले, आणि मामा माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले.